पाय पुढे

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. माझी वेळ येईल तेव्हा मला पाय पुढे करून न्यायचं आणि मागच्या बाजूला तू राहायचं. वेळ म्हणजे मरणाची नव्हे, दवाखान्यात नेण्याची. हा फरक ते आवर्जून सांगत, कारण आमच्या गावात तो कुणालाच पटत नसे.

नाना सैन्यात वैद्यकीय तुकडीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. लढाईबद्दल विचारलं तर म्हणत, "मी गोळी झाडली नाही. ज्यांना लागली त्यांना उचललं." शौर्यकथा एवढ्यावर संपे. शाळेने एकदा त्यांना पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांनी भाषणाऐवजी एका शिक्षकाला सतरंजीवर आडवं केलं आणि उलटी करणाऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मुलांना फार आवडलं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

गाव शिंदखेडा तालुक्यात, फाट्यापासून आत सव्वा तासाच्या चालीवर. गाडीवाट, मधे एक नाला, दोन्हीकडे कपाशी. फाट्यावर पोचलं की धुळ्याची एसटी मिळे, नाहीतर एखादा ट्रकवाला थांबे. या रस्त्याचं भूमिपूजन माझ्या आठवणीत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या वेळची कोनशिला तिथेच आडवी पडली होती. नारळ फोडायला दगड शोधावा लागला नाही.

निवृत्तीनंतर नानांना भुसावळला पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती. ते गेले नाहीत. "तुझ्या आईने इतकी वर्षं सुट्टीपुरता नवरा पाहिला, आता जरा पूर्णवेळ बघू दे," म्हणाले. आईला दमा होता, चुलीचा धूर सोसत नसे, म्हणून भाकरी नाना थापू लागले. आमच्या गल्लीत हा तमाशाच होता. समोरच्या घरातले आबा, नानांच्याच वयाचे, बालपणापासूनचे सोबती, रोज सकाळी ओट्यावरून ओरडत, "हवालदार, भाकर गोल व्हयनी का नही?"

"व्हयनी. सलाम करीसन खा," नाना आतून म्हणत.

निवृत्त होऊन गावात आल्या आल्या नानांनी दोन बांबू घेतले, जुन्या होल्डॉलचं कॅनव्हास त्यांच्यात शिवलं, ते ताणून राहावं म्हणून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. ही झोळी आमच्या पडवीत टांगलेली असे. साप चावलेला असो, अडलेली बाई असो, बैलगाडीवरून पडलेला असो, लोक आमच्याकडे धावत येत. बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात, त्यापेक्षा माणसांनी चालत नेलेलं बरं, हे नानांनी गावाला पटवलं. सहा जणांना त्यांनी उचलायला, पावलं जुळवायला, चालता चालता हात बदलायला शिकवलं. आबा त्यातले पहिले.

एक गोष्ट मात्र पटवता आली नाही. सैन्याच्या नियमाप्रमाणे रोग्याचे पाय पुढे आणि डोकं मागे. आबांनी पहिल्याच दिवशी झोळी खाली ठेवली.

"अरे, जित्ता माणूसले आसा लई जातस का? पाय पुढे मढाना ऱ्हातस."

"डोकं पुढे ठेवलं तर मागच्याला काय दिसतं?" नाना म्हणाले. "तळपाय. तळपायावरून श्वास कळतो का? पुढचा रस्ता बघतो, मागचा माणूस बघतो. ओठ बघायचे, नाकपुड्या बघायच्या, पापण्या बघायच्या. याच क्रमाने. पुन्हा पहिल्यापासून."

चढ लागला की मात्र डोकं पुढे करायचं, असा त्याच नियमाचा दुसरा भाग होता. त्यामुळे नाल्यात उतरून वर चढताना नाना हात वर करून बोट गोल फिरवत आणि झोळी वळवली जाई. आबांना हे थट्टेला आयतंच सापडलं. "नाला लगून मढं, नालाना पल्याड जित्ता!" ते सगळ्यांना सांगत. "हवालदारनी पालखी म्हंजे चमत्कार शे."

नाना स्वतः मागे असले की सगळे मुकाट्याने त्यांच्या पद्धतीने नेत. ते परगावी गेलेले असले की झोळी बिनबोभाट उलटी होई. नानांना हे ठाऊक होतं. रोगी परत आला की ते त्याला विचारत, "वाटेत आकाश दिसलं की आबाची पाठ?"

आईलाही एकदा त्या झोळीतून न्यावं लागलं. दम्याचा असा झटका की ओठ जांभळे पडले. मागे नाना होते. मी तेव्हा जळगावला शाळेत मास्तर होतो. तार मिळाल्यावर पॅसेंजरने नरडाण्याला उतरलो आणि तिथून धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो, तोवर ती बसून चहा पीत होती. "सगळी वाट माझ्याकडे बघत होते," ती मला हळूच म्हणाली. "लग्नाला तीस वर्षं झाली, इतकं कधी बघितलं नव्हतं." त्याच मुक्कामात नानांनी माझ्याकडे ती मागणी केली. मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं?

पुढे नानांचा सत्कार झाला. मंडप, हार, शाल, श्रीफळ, आणि पुढाऱ्यांकडून गावाला एक लोखंडी स्ट्रेचर भेट. चकचकीत, चार चाकांचं, दात्याचं नाव दोन्ही बाजूंना. नानांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "आभारी आहे. चाकं काढून द्या." लोक हसले, पुढारीही हसले, त्यांना ते विनोदाने बोलले असं वाटलं. आमच्या काळ्या मातीत ते स्ट्रेचर पहिल्या पावसाळ्यात अर्धी वीत रुतलं. नंतर ग्रामपंचायतीच्या खोलीत शिपाई त्यावर दुपारी झोपत असे. झोप चांगली लागते म्हणायचा.

नव्वद सालानंतरच्या एका मे महिन्यात मी सुट्टीला घरी होतो. सकाळी नाना पीठ मळता मळता कुशीवर कलंडले. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, वाचा नव्हती. डोळे मात्र पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी एकदा पडवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

आबा पळत आले. रडतच त्यांनी झोळी काढली, सहाही जण गोळा झाले, नानांना अगदी नानांनी शिकवलं तसं अलगद उचललं. आणि अंगणातच झोळी वळवली. डोकं पुढे.

"आबा, नाना नेहमी..." मी म्हणालो.

"तू गप ऱ्हाय. तुन्हा बाप शे, मन्हा बी भाऊ शे." मग ते नानांवर वाकले. "हवालदार, बठ्ठा गाव तुन्हं ऐकत उना. आज मन्हं ऐक. मी तुले मढासारखा नही लई जावाव."

गल्ली भरली होती. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "बरोबर शे, बरोबर शे," असं चहूकडून आलं. मुलांना निबंध शिकवणारा मी, मला दुसरं वाक्य सुचलं नाही. वाद घालण्यात वेळ जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मी बांबूंची मागची टोकं धरली.

ऊन फार होतं. आबांनी एकाला नानांच्या डोक्यावर पंचा धरून चालायला सांगितलं. मला पंचा दिसत होता, आणि माझ्या पोटाजवळ दोन तळपाय. भेगांत पीठ अडकलेलं. गाव सुटलं तेव्हा नानांचा डावा हात वर आला. बोट गोल फिरलं.

"पानी मांगी ऱ्हायना," पुढून कोणीतरी म्हणालं. ओठांना ओला बोळा लावला. हात पुन्हा वर आला, पुन्हा गोल फिरला. ती खूण झोळी वाहणाऱ्या सहाही जणांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. ती मला तरी नक्की कळली. आबांना कळली की नाही, मी कधी विचारलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि ती हुंदक्यांनी हलत होती.

नाल्यात उतरताना आणखी एकदा हात वर आला. चढ संपल्यावर मात्र तो झोळीच्या काठावर शांत राहिला. मला हायसं वाटलं. नानांनी हट्ट सोडला असं वाटलं.

फाट्यावर निंबाखाली झोळी ठेवली. पंचा बाजूला केला. आबा आधी वळले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला नानांकडे बघायची गरज उरली नाही. नाल्यापासून फाट्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट आहे. त्यात ते कुठे गेले, कुठल्या बांधाशी, कुणालाच माहीत नाही. समजलं असतं तर आम्ही काय करणार होतो? बहुधा काहीच नाही. नाना असते तर काय करायचं ते त्यांनी सांगितलं असतं.

परत निघताना दोघांनी झोळी उचलून सावकाश वळवली. आता पाय पुढे. आता तेच बरोबर होतं. आबांनी माझा दंड धरून मला डोक्याकडच्या बाजूला उभं केलं आणि स्वतः जाऊन बांबूंची पुढची टोकं धरली.

मग सव्वा तास नाना माझ्यासमोर होते. मी ओठ बघितले, नाकपुड्या बघितल्या, पापण्या बघितल्या. पुन्हा पहिल्यापासून. नाल्याच्या चढावर कुणी झोळी वळवली नाही, मेलेल्याला तो नियम नव्हता. सगळा भार मागे आला आणि त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकलं.

आई ओट्यावर बसली होती. तिने झोळीकडे पाहिलं, झोळी कशी धरली आहे ते पाहिलं. मग मला जवळ बोलावून विचारलं,

"तू मागे होतास ना?"

"हो," मी म्हणालो.

"बघत होतास ना त्यांच्याकडे?"

"हो," मी म्हणालो. "सगळी वाट."