अक्कांची सहाची बॅच

टायपिंगच्या अक्का पहाटे सायकलवरून निघायच्या तेव्हा त्यांच्या छातीवर आम्हा मुलींच्या चुका असायच्या. धुळ्याच्या थंडीत पांझरेच्या पुलावर वारं असं अंगावर येतं, की स्वेटर घातलाय की नाही अशी शंका यावी. त्यावर अक्कांचा उपाय ठरलेला होता. आम्ही बिघडवलेले टायपिंगचे कागद चार-चार एकत्र करून त्या स्वेटरच्या आत सारायच्या. कागदातून वारं जात नाही, त्यामुळे तुम्ही जितक्या चुकाल तितकी मी गरम, असं त्या आम्हाला वर ऐकवायच्या.

सायकल मधल्या दांडीची, पुरुषांची, भावाकडून आलेली. साडी गुडघ्याशी पिनांनी आवळलेली, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. फुटपाथच्या कडेवरून टांग टाकून त्या सुटायच्या, ते देवपुरातून थेट गल्ली नंबर पाचमध्ये. पुलाच्या अलीकडचा चहावाला रोज म्हणायचा, अक्का, आज तरी रिक्षा करा. रिक्षावाल्याला थंडी वाजते, तो उठत नाही, असं सांगून त्या पुढे जायच्या. कीव केलेली त्यांना मुळीच खपायची नाही.

इन्स्टिट्यूट शेठजींची होती. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर पंधरा मशीन. शेठजी माणूस वाईट नव्हते, पण टाईपरायटर कोणत्या बाजूने चालतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं अक्का बघायच्या. दिवसभराच्या बॅचला मुलं यायची. सकाळची सहाची बॅच तेवढी मुलींची, कारण आठनंतर आम्हाला घरातली कामं, धाकटी भावंडं आणि असलंच तर कॉलेज.

त्या वर्षी डिसेंबरात बॅच गळायला लागली. कुणाला खोकला, कुणाच्या आईला भीती. पंधराच्या आम्ही चौघी उरलो. शेठजींनी एका शनिवारी नोटीसच टाईप करून आणली, भाच्याकडून, कारण अक्कांनी ती केली नसती. सोमवारी आठ मुली दिसल्या नाहीत तर ही दारावर लावा, एवढ्या लवकर शटर उघडायला माझा गडी कुरकुरतो, असं ते म्हणाले. अक्कांनी कागद वाचला, घडी घातली आणि स्वेटरच्या आत ठेवून दिला.

मला बॅच बंद पडून चालणार नव्हतं. पहूरचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. टायपिंगची परीक्षा होईपर्यंत थांबू, असा शब्द वडिलांनी मला दिला होता. बॅच बंद म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे फाल्गुनात मांडव. मुलगा कसा होता ते मी आजही सांगू शकणार नाही. मला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, एवढंच मला कळत होतं.

तोवर मी त्याच वाटेने कामाला जाणाऱ्या शेजारच्या काकूंबरोबर चालत जायची. त्या आठवड्यात काकू माहेरी गेल्या, आणि मला घरी ठेवायला वडिलांना आयतंच कारण मिळालं. अक्का रविवारी सगळ्या मुलींच्या घरी फिरल्या, तशा आमच्याही घरी आल्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, घरात आमची अहिराणीच चालायची. अंधारात पोर एकटी जाते, थंडी बाधेल, असं त्यांनी सुरू केलं.

"थंडी काय पोरीस्लेच वाजस का?" अक्कांनी विचारलं.

वडील जरा ओशाळले. मग खरं ते बाहेर आलं, लोक काय म्हणतील.

"त्या टाइमले लोके गोधडीमा ऱ्हातस, भाऊ. नावं ठेवाले कोण उठी?"

वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जाताना अक्कांनी मला बजावलं. भावाची सायकल काढून ठेव. डबलसीट मी कुणाला घेत नाही, ज्याने त्याने आपल्या पायांनी यायचं. मी दारापुढे दोनदा घंटी वाजवीन. ज्याला यायचंय त्याला दोन पुरतात.

सोमवारी मी चारपासून जागी होते. कपडे घालून अंधारात बसून राहिले. पहिली घंटी वाजली. मी उठले आणि वडिलांकडे बघत तशीच थांबले, कारण त्यांच्या परवानगीशिवाय कडी काढायची हिंमत माझ्यात नव्हती. दुसरी वाजली. गोधडीतून डोकं बाहेर न काढता वडील म्हणाले, "दुसरी वाजनी. आते ती थांबाव नही."

मी सायकल घेऊन धावले. गल्लीच्या तोंडाशी सायकलींची रांगच होती. खोकलेवाल्या होत्या, घाबरलेल्या आयांच्या मुली होत्या. पुढे अक्का, त्यांच्या डायनामोचा दिवा चढावर विझायचा आणि उतारावर पेटायचा. पुलावर वारं सुरू झालं तेव्हा त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पॅडल मारा, बोलू नका, एवढंच ओरडल्या. हँडल धरलेली बोटं मला जाणवत नव्हती, आणि इतका आनंद मला तोपर्यंत कधी झाला नव्हता.

शेठजी कानटोपी घालून जिन्याशी उभे होते. त्यांनी सायकली मोजल्या. अक्कांची सोडून सात. ते काही बोलायच्या आत अक्का वर गेल्या, दाराजवळच्या मशीनवर बसल्या आणि कागद चढवला.

"आठवी मी. पुढच्या स्पीडची परीक्षा माझीही राहिलीय."

त्यांनी फॉर्म खरोखरच भरला. सबंध थंडी त्या आमच्या रांगेत बसल्या, आमच्याबरोबर परीक्षेला गेल्या आणि आमच्याबरोबर पास झाल्या. शेठजींनी नोटिशीचं नाव पुन्हा काढलं नाही. पहूरच्या लोकांना वडिलांनी परस्पर नकार कळवला, मला ते कितीतरी दिवसांनी आईकडून समजलं.

दीड वर्षाने मला जळगावला एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. सांगायला गेले तेव्हा अक्कांनी ना पाठीवर हात फिरवला, ना आशीर्वाद दिला. ड्रॉवरमधून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. थंडी तिकडेही असते, म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीचं बोट चुकलेलं बघायला वळल्या. ती आमची शेवटची भेट. पुढे तीन वर्षांत त्या गेल्या. मला पत्र उशिरा मिळालं, मी जाऊ शकले नाही, आणि त्याची खंत अजून आहे.

तो कागद मी जळगावच्या पहिल्या कडाक्याच्या सकाळी उघडला. घड्यांवर फडक्यासारखा मऊ पडलेला, घामाने अक्षरं पुसट झालेली. थंडीमुळे सकाळी सहाची बॅच होळीपर्यंत बंद राहील. सबंध हिवाळा अक्कांनी ती नोटीस दारावर नाही, छातीवर वागवली होती.

मी ती पुन्हा घडी करून स्वेटरच्या आत सारली आणि सायकल काढली. आमच्या ऑफिसातली एक नवी मुलगी मागच्या गल्लीत राहायची. थंडी सुरू झाल्यापासून ती घरच्यांच्या सांगण्यावरून रजा टाकत होती, आणि नोकरी सोडणार अशी कुजबुज होती. तिच्या दारापुढे मी थांबले आणि दोनदा घंटी वाजवली.