लांब ठेवलेला मोत्या

मी सुट्टीला घरी आलो, तेव्हा आमचा मोत्या फ्लूने खोकत होता. दोन दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. आपल्या हातांवरूनही लागण पसरते." म्हणून त्याला औषध दिल्यावर आई साबणाने हात धुवायची, मगच दाराशी आलेल्या गल्लीतल्या काळूला भाकरी घालायची. "आत नको रे बाबा, तुझा मित्र आजारी आहे," असं त्याला समजवायची.

लांब ठेवण्यातही माया असते, असं वाटलं. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. मलाही तिने असंच लांब धाडलं असेल का?

तेवढ्यात मोत्या उठून दूधभाकरी खाऊ लागला. आई कुजबुजली, "बघू नकोस, दृष्ट लागेल." मग त्याची लपलप ऐकत आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून हसत बसलो.