काजिहारा बाईंची चार वाक्यं

जपानमधल्या उराहामा गावच्या माध्यमिक शाळेत सुमिए काजिहारा बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. गावातल्या निम्म्या बाप्यांना त्यांनी कधी ना कधी कान धरून उभं केलं होतं. तरी त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नसे. सहा वर्षांपूर्वी पालकसभेत त्यांनी विचारलं होतं, की सभा आईबापांची असताना आया मागच्या खोलीत चहा गाळत का बसतात? मग अध्यक्ष अगदी मायेनं म्हणाले, "काजिहारा बाई, परीक्षांचा ताण झालाय तुम्हाला. जरा विश्रांती घ्या." त्यानंतर बाई सभेत बोलल्या की दोन-चार जण एकमेकांकडे बघत. दमल्यात बिचाऱ्या.

अशा गावात कॅलम आला. न्यूझीलंडचा, चोवीस वर्षांचा, हाडापेरानं लांबलचक. बाईंच्या हाताखाली मदतनीस शिक्षक म्हणून सरकारनं त्याला दोन वर्षांसाठी पाठवलेलं. जपानी भाषा त्याला 'नमस्कार' आणि 'चविष्ट आहे' एवढीच येत होती. तिसऱ्याच महिन्यात नगरपालिकेच्या पत्रकात त्याचं सदर सुरू झालं. हे पत्रक दर महिन्याला घरोघर जाई. सदराचं नाव 'निळ्या डोळ्यांनी पाहिलेलं उराहामा'. कॅलमचे डोळे तपकिरी होते, पण नाव नगराध्यक्षांनी स्वतः सुचवलं होतं, त्यामुळे ते कुणी बदललं नाही.

तो इंग्रजीत लिही आणि बाई रविवारी दुपारी बसून त्याचं जपानी करत. पत्रकात कॅलमचा फोटो येई. बाईंचं नाव कुठेच नसे.

तो वाईट लिहीत नव्हता, आणि हेच बाईंना जास्त खुपे. मुलं शाळेचे संडास स्वतः धुतात याचं त्याला कौतुक होतं. नगरसभेत जाऊन बसला, तेव्हा सोळा पुरुष मोजले आणि त्यांतले तीन झोपलेले, हेही त्यानं लिहिलं. गाव खूश. झोपणाऱ्यांपैकी एक जण तर दारूच्या गुत्त्यात सांगत सुटला, "त्या तिघांतला एक मी." नगराध्यक्ष म्हणाले, "परक्याची नजर कशी तीक्ष्ण असते बघा."

हेच बाई बोलल्या असत्या तर?

कॅलमच्या सायकलच्या टोपलीत कोण कोण मुळे, कोबी ठेवून जाई. बाईंची सायकल त्याच भिंतीला, शेजारीच लावलेली असे. रिकाम्या टोपलीत फार तर पावसाचं पाणी साठे. एकदा मासेवाला बांगडे बांधता बांधता म्हणाला, "या महिन्यात सरांनी काय लिहिलंय हो. 'समुद्र रागावला तरी आधी नमस्कार करतो.' असं आपल्या माणसाला सुचायचं नाही."

ते वाक्य बाईंचं होतं. कॅलमनं लिहिलं होतं, 'इथं लाटा मोठ्या असतात.'

"नाही सुचायचं," बाई म्हणाल्या. एवढ्या पोरसवदा माणसाचा आपण हेवा करतो याची त्यांना लाज वाटे, आणि त्या लाजेनं हेवा कमी होण्याऐवजी वाढे.

मार्चात नगरसभेची निवडणूक होती, म्हणजे व्हायची होती. जागा सोळा, अर्जही सोळाच आले, तेव्हा मतदान लागलंच नाही. कॅलमनं एवढंच लिहिलं, की निवडणूक आहे असं ऐकलं होतं, पण प्रचाराच्या गाड्या काही दिसल्या नाहीत. बाईंनी ते उतरवलं. मग पेन खाली न ठेवता पुढे लिहिलं:

'सोळा जागा आणि सोळा माणसं हा मेळ आपोआप बसत नाही. तो नववर्षाच्या मेजवानीत बसवला जातो. तिथं बायका असतात, पण ताटं घेऊन येण्यापुरत्या. किती माणसांना किती भात लागेल हे ज्यांना नेमकं कळतं, त्यांना गावाला काय लागेल हे कळणार नाही, असं कुणी ठरवलं?'

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं. सोमवारी सकाळी पाकीट नगरपालिकेत देऊन त्या वर्गावर गेल्या.

गावात चर्चा उडाली. औषधाच्या दुकानातल्या चिझुरुनं तेवढा मजकूर कापून गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला. बायका औषध घ्यायला म्हणून येत आणि वाचून जात. मेजवान्या घालणारे पुरुषसुद्धा हसत म्हणत, "पोरानं पकडलं हं आपल्याला."

बाईंच्या सासूबाई ऐंशीच्या होत्या. भिंग लावून त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"सुमिए, हे बघ. साता समुद्रापलीकडचं पोर, पण बायकांचं दुःख कसं ओळखलं त्यानं. तू एवढी मास्तरीण, तुला कधी सुचलं असं?"

"नाही सुचलं, आई."

"पुस्तकं वाचून सुचत नाही ते. त्याला काळीज लागतं."

बाईंनी ताटं उचलली आणि धुवायला नेली. नवरा तेत्सुरो टेबलाशी बसला होता. तो पालिकेच्या पाणी खात्यात होता. बायकोकडे त्यानं जरा निरखून बघितलं.

आठवड्यानं कॅलम शिक्षकांच्या खोलीत पत्रक घेऊन आला. शब्दकोश बघून बघून त्यानं अर्ध्याहून जास्त शब्दांवर पेन्सिलीनं अर्थ लिहिले होते.

"बाई, ही चार वाक्यं माझी नाहीत."

"जपानीत थोडं वाढवावं लागतं."

"एवढं?" तो हसला. "फार चांगली आहेत. पण लोक मला त्या वाक्यांसाठी कोबी देतायत. मी पालिकेत सांगतो, तुमचं नाव छापा म्हणून."

"काही सांगू नकोस."

"का?"

"तुला कळायचं नाही." बाईंना त्याच्या चांगुलपणाचाही राग आला. चांगलं वागणं त्याला किती स्वस्त पडत होतं.

एप्रिलात महिला मंडळानं कॅलमला भाषणाला बोलावलं. दुभाषी अर्थातच काजिहारा बाई. ताटामीच्या चटयांवर चाळीसेक बायका, समोर चहा आणि तांदळाच्या वड्या. भाषण छान झालं. मग चिझुरुनं हात वर केला. "सर, ते भाताबद्दल तुम्ही लिहिलंत, ते तुम्हाला कशावरून वाटलं?"

बाईंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. कॅलमनं त्यांच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ते ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा."

आता हे जपानीत सांगायचं बाईंनाच होतं. काहीही सांगता आलं असतं. न्यूझीलंडमध्ये बायका मंत्री असतात असं सांगितलं असतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि उद्या टोपलीत अजून चार मुळे पडले असते. ते मुळे त्यांना डोळ्यांपुढे दिसले.

"सर म्हणतात, ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारा," बाई म्हणाल्या. "ते मी लिहिलंय."

चिझुरुनं हातातली तांदळाची वडी परत बशीत ठेवली.

मग मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे, सरांच्या नावावर? त्यांना न विचारता?"

"हो. पण म्हणणं तेच आहे ना? परवापर्यंत आवडत होतं तुम्हाला."

"तसं नाही हो, काजिहारा बाई. परक्यानं बोलणं वेगळं. आपण आपल्याच माणसांना असं घालूनपाडून बोलायचं म्हणजे..." त्यांनी चहाची किटली उचलली. "तुम्ही दमलेल्या दिसता."

दुसऱ्या दिवशी चिझुरुच्या दुकानातलं कात्रण गेलं होतं. बाई डोकेदुखीची गोळी घ्यायला गेल्या तेव्हा तिनं मान खाली घालून सुटे पैसे परत केले. हेडसरांनी बोलावून घेतलं. बाई मिठाईचा डबा घेऊन पालिकेत माफी मागून आल्या. अनुवादाचं काम पालिकेतल्या एका कारकुनाकडे गेलं, आणि सदरात गरम पाण्याचे झरे अन् शेवयांची दुकानं यांबद्दल येऊ लागलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लोणच्यात मीठ कमी आहे."

तेत्सुरो एवढंच म्हणाला, "ऑफिसात सगळे माझ्याशी फार गोड बोलतायत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं."

कॅलमला कुणीच दोष दिला नाही. उलट फसवला गेला म्हणून त्याच्या टोपलीत भाजी जास्त पडू लागली. तो ती अर्धी बाईंच्या टोपलीत टाकी. बाई ती तशीच शाळेच्या स्वयंपाकघरात देऊन टाकत. घरी नेत नसत.

पुढच्या वर्षी जुलैत तो परत निघाला. स्टेशनवर अर्धं गाव लोटलं, बँड होता, नगराध्यक्ष होते. बाई मागे उभ्या होत्या. तो गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला.

"त्या दिवशी मी तुम्हाला अडचणीत टाकलं."

"टाकलंस. तू इथून जाणार होतास, म्हणून तुला काहीही बोलता येत होतं. मला इथंच मासे घ्यायचेत. मला तुझा फार हेवा वाटला, कॅलम. अजून वाटतो."

"खरं आहे तुमचं," तो म्हणाला. गाडी आली.

त्या हिवाळ्यात बाईंनी जिल्ह्याच्या दैनिकाला पत्र पाठवलं. बिनविरोध निवडणुकांबद्दल, वीस ओळींचं. खाली पूर्ण नाव, गाव, वय, धंदा. छापून आलं त्या सकाळी तेत्सुरोनं ते न्याहारी करताना वाचलं.

"नाव घातलंस."

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालो असतो." त्यानं घडी करून पेपर आईकडे सरकवला आणि मिसो सूपचा वाडगा तोंडाला लावला.

गावात कुणी चकार शब्द काढला नाही. मासेवाल्यानं बांगडे बांधले, हवा थंड आहे म्हणाला. बाईंनी दोन महिन्यांनी आणखी एक पत्र पाठवलं. पुढच्या तीन वर्षांत अकरा छापून आली. सहाव्या पत्रानंतर चिझुरुनं औषधाच्या पिशवीत खोकल्याच्या गोळ्या जास्तीच्या टाकल्या. बाईंना खोकला नव्हता.

एकदा कॅलमचं पोस्टकार्ड आलं. तो आता तुर्कस्तानात एका बंदराच्या गावी शिकवत होता. तिथल्या वर्तमानपत्रात सदर लिहितो, लोकांना फार आवडतं, असं त्यानं आनंदानं कळवलं होतं. वाचताना बाईंना पुन्हा तोच हेवा वाटला. मग मनात आलं, तुर्की तर त्याला येत नाही. तिथं त्याचं लिहिणं कोण उतरवत असेल? वयानं केवढी असेल ती बाई, आणि तिचं नाव तरी छापत असतील का?