माझ्या टेपवरचा जड आवाज

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी नव्या कॅसेटींवर सदर लिहीत असे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे काम मिळालं, त्याचं कारण संपादकांनी लपवलं नाही. "तुमचे बंधू पुण्याहून कॅसेटी पाठवतात म्हणे. इथं दुसऱ्या कुणाकडे येत नाहीत."

भाऊ खरंच पाठवायचा. कव्हर नसलेल्या, कॉपी केलेल्या, वर त्याच्या अक्षरात 'ऑल्टरनेटिव्ह' असं लिहिलेल्या. या शब्दाचा अर्थ मी त्याला कधी विचारला नाही, कारण तोवर मी त्यावर दोन लेख लिहून बसले होते. पिंप्राळ्याच्या घरात वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, जुन्या टेपरेकॉर्डरला कान लावून मी ऐकायची आणि मतं बनवायची. मुंबईच्या चार कॉलेजकुमारांच्या हिंदी अल्बमला मी 'थकलेल्या पिढीचा हुंकार' म्हटलं. एका परदेशी चमूविषयी लिहिलं, 'हा गायक मृत्यूशी मित्रासारखा बोलतो. त्याच्या खर्जात हिवाळा आहे.' त्या लेखावर एका प्राध्यापकांचं कार्ड आलं. ते मी आठवडाभर पर्समध्ये बाळगलं.

मग संपादकांनी एक स्थानिक कॅसेट हातात ठेवली. सोनगीरच्या एका एसटी कंडक्टरने धुळ्यात, लाऊडस्पीकरच्या दुकानामागच्या खोलीत, स्वतःच्या हिमतीवर आठ अहिराणी गाणी रेकॉर्ड केली होती. थांब्यावर न थांबणारी बस, यावलला निघालेली आणि भुसावळलाच उतरून बसलेली सासू, असले विषय. मी एकदाच ऐकली आणि लिहिलं, 'गायक नुकताच झोपेतून उठवल्यासारखा गातो. ढोलकी ओल्या पोत्यावर वाजते. विनोद आहेत, पण ते पोहोचेपर्यंत श्रोता पुढच्या गावी गेलेला असतो.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात खाकी कपड्यांतला एक माणूस उभा राहिला. काखेत टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. नानांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय भाऊ, आमचं तिकीट काढायचं राहिलं का?"

"नाही आबा. ताईंना भेटायचं होतं."

मी भांडणाच्या तयारीने बाहेर आले. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुमचा लेख डेपोत सगळ्यांनी वाचला. मला फक्त एकदा ऐकायचंय, तुम्हाला कसं ऐकू आलं ते."

मी कॅसेट लावली. तो दोन ओळी ऐकेपर्यंत गंभीर होता. मग कपाळाला हात लावून हसायलाच लागला.

"हाऊ आवाज मना नई शे! माझा नाहीच हा!"

त्याने टॉवेल सोडला आणि तेच गाणं स्वतःच्या टेपवर लावलं. चपळ, खट्याळ, थोडा नाकातला आवाज. ढोलकी टणटणत होती. सासू भुसावळला उतरली तेव्हा नाना एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

कंडक्टरने स्क्रू काढून आमच्या टेपची पाठ उघडली आणि आतला रबरी पट्टा बोटाने उचलून दाखवला. तो जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा लोंबत होता. मशीन हळू चालत होतं. किती महिने, कुणास ठाऊक. हळूहळू सैल होत गेलेलं आम्हाला घरात कुणाला कळलं नव्हतं.

मग मला प्राध्यापकांचं कार्ड आठवलं. मी कपाटातून ती परदेशी कॅसेट काढली आणि त्याच्या टेपवर लावली. हिवाळा नव्हता, मृत्यू नव्हता. एक मुलगी उड्या मारत गात होती.

"ही पोरगी झकास गाते," कंडक्टर म्हणाला. "तुम्ही लिहिलं का हिच्यावर?"

"लिहिलं," मी म्हणाले.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दुरुस्तीचा मजकूर घेऊन दैनिकाच्या कचेरीत गेले. संपादकांनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला.

"मॅडम, हे छापलं तर वर्षभराची मतं सैल पट्ट्याची होती असं होईल."

"तशीच होती."

"पण लोकांना पटलेली आहेत ना!"

मग मी दुसरा मार्ग काढला. खोट्या नावाने वाचकांच्या पत्रव्यवहारात माझ्यावरच कडक पत्र लिहिलं. या बाईंना संगीतातलं काही कळत नाही, कंडक्टरची कॅसेट उत्तम आहे, वगैरे. ते छापून आलं. पुढच्या आठवड्यात माझ्या बचावाला तीन पत्रं आली. एकाने लिहिलं होतं, 'अशा निर्भीड समीक्षेची खानदेशाला गरज आहे.' कार्डवाल्या प्राध्यापकांचंही पत्र त्यात होतं.

कंडक्टर स्टँडवर भेटला तेव्हा मी सगळं कबूल केलं. त्याला वाईट वाटलं नव्हतंच. "ताई, इतकी वाईट कॅसेट आहे तरी कशी, ते ऐकायला लोकांनी घेतली," तो म्हणाला. "बठ्ठ्या, सगळ्या संपल्या. आता दुसरी काढतोय, तुम्ही या."

मी गेले. धुळ्यातल्या त्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. पंखा बंद. ढोलकीवाला, पेटीवाला आणि कोपऱ्यात स्टुलावर मी. आता नीट ऐकायचं, घाईने मत बनवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. कंडक्टर डोळे मिटून गाऊ लागला. गाणं एका मास्तरणीवर होतं, जिला वर्गात गेल्यावरच नकाशा घरी राहिल्याचं आठवतं. दुसऱ्या कडव्यात ती फळ्यावर नर्मदा उलटी वाहवते. मी फस्सकन हसले. सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं.

त्याने डोळे उघडले, रागावला नाही. "ताई," एवढंच म्हणाला, आणि मला बाहेर लाऊडस्पीकरच्या कर्ण्यांमध्ये नेऊन बसवलं.