उजवीकडची नथ

ती आजी आजही आठवते, आणि तिच्याबरोबर माझी घाईही आठवते.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना मी बुधवार पेठेतल्या चौकीवर होतो. दुपारी एका दुकानदाराचा फोन आला. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून फोटो द्यायचा त्याचा धंदा.

"साहेब, एक आजी नथीवरून भांडतायत. उठतच नाहीत."

नथ म्हणजे दागिना, दागिना म्हणजे चोरी. स्टेशन डायरीत 'नथीबाबत वाद' अशी नोंद करायला सांगून मी निघालो. न विचारता निष्कर्ष काढायची ही आमच्या खात्याची खोड. तिला तत्परता म्हणणं आता तरी बंद करा.

आजींच्या हातात नवा फोटो होता. नथ घातलेली तरुण मुलगी, गालावरून केसासारखी पांढरी रेघ.

"ही माझी मुलगी नाही. नथ बघा!"

"अहो, निगेटिव्ह तुमची, तर मुलगीही तुमचीच," दुकानदार म्हणाला. "आमच्याकडे मुली बदलून मिळत नाहीत. वय झालं, विसरलात."

मलाही तसंच वाटलं. समजूत घालायला वाकलो, तर आजी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, ती गेली त्याला वीस वर्षं झाली. घर बदलताना सगळे फोटो हरवले, ही निगेटिव्हची पट्टी तेवढी उरली. पण हिला बघून आत काही हललंच नाही. मी तिचा चेहरा विसरले का हो?"

मी टोपी काढून बाकावर ठेवली आणि चौकशी पहिल्यापासून सुरू केली.

"रेघ कसली?"

"निगेटिव्हवर ओरखडा. आजींनी पदराने पुसली असणार."

"दुसऱ्या कुणाची पट्टी लावा."

कुरकुरत त्याने लावली. कुणाच्या तरी मुंजीचा फोटो उमटला. रेघ तिथेच, त्याच जागी.

"मुंजीलाही आजीच पुसायला गेल्या होत्या का?"

त्याने स्कॅनरचं झाकण उघडलं. आत काचेवर केस चिकटलेला होता. त्याने काच पुसली.

मग मी आजींना पहिल्यांदाच विचारलं, "नथीचं काय म्हणत होतात?"

"अहो, नथ डाव्या नाकपुडीत घालतात. हिची उजवीकडे. पदरही उजव्या खांद्यावर. असं कोण नेसतं?"

दुकानदाराने आजींची पट्टी मघाशी लावली होती तशीच उजेडाला धरली. कडेचे आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसत होते.

"साहेब, पालथी लागली," तो म्हणाला. आवाज पार उतरला होता.

त्याने पट्टी उलटून पुन्हा स्कॅन केली. पडद्यावर चेहरा आला. आजी उठून अगदी जवळ गेल्या.

"नथ टोचते म्हणून किरकिर चालली होती हिची. बघा, तोंड कसं केलंय!" त्या हसल्या, मग डोळे पुसत राहिल्या. "मी विसरले नव्हते."

दुकानदाराने स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा आजी. चुकलं माझं."

आयुष्यभर मी म्हाताऱ्या माणसांच्या किती जबाबांवर मनातल्या मनात 'वय झालंय' असा शेरा मारला असेल! इथे काच घाण, पट्टी पालथी, आणि संशय आईच्या आठवणीवर. याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटायला हवी.

चौकीवर परतल्यावर डायरीतली नोंद पुरी करायची होती. मी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'नथ डाव्या नाकपुडीत मिळून आली. तक्रारदार बाईंनी ओळखली.'