गाडीला घातलेली आंघोळ

आमच्या आईनं दसऱ्याच्या सकाळी गाडीला आंघोळ घातली, आणि बोनेट उघडून आतूनही घातली. बैल धुताना आपण काय नुसती पाठ धुतो? असा तिचा सरळ हिशोब. आदल्या दसऱ्याला दुष्काळ होता. प्यायला पाणी नव्हतं, तिथं गाडीवर ओलं फडकं फिरवून कुंकू लावलं होतं. ते तिला वर्षभर खुपत राहिलं. यंदा विहीर भरलेली. तिनं बादलीवर बादली ओतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि गाडीला हात जोडून म्हणाली, "आज माझ्या लेकाची भेट घालून दे रं बाबा."

लेक म्हणजे माझा दादा, फौजेतला. एकाहत्तरच्या लढाईच्या आधी येऊन गेला होता, त्यानंतर घराकडं फिरकायला त्याला सवडच मिळाली नव्हती. सुखरूप असल्याची पत्रं यायची, पण आईचा कागदावर विश्वास नव्हता. लेक डोळ्यांनी दिसला तरच खरा. आदल्या दिवशी गावातला एक जवान रजेवर आला आणि त्यानं निरोप आणला. दादा बेळगावला चाललाय, सुट्टी नाही, पण दसऱ्याला दुपारी मिरजेत रेल्वे बदलणार. तेवढा वेळ स्टेशनवर भेटेल.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, माळावर. सकाळची एसटी गेली की दिवसभर दुसरं काही नाही. ती आम्ही ऐटीत सोडली, कारण दारात गाडी होती. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ट्रकवर ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर त्यांनी ही म्हातारी मोटार घेतली आणि आमच्यापेक्षा जास्त लाडानं सांभाळली.

आबा देवळातून आले, गाडीत बसले, चावी फिरवली. सेल्फ घरघरला, इंजिन काही पकडेना. त्यांनी चोक ओढला. पुन्हा घरघर. पुन्हा चोक. पेट्रोलचा वास अंगणभर झाला आणि सेल्फचा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा बारीक होत गेला.

"आबा, त्यापरास बैलं जुपा," मी म्हणाले. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. आबा म्हणजे जमदग्नी. सुई हरवली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. पण त्या दिवशी ते गप्प उतरले, बोनेट उघडलं आणि हात मागं बांधून नुसते उभे राहिले. आई उंबऱ्यात, नवं लुगडं नेसून, लाडवाचा डबा पोटाशी धरून.

"वास येतुया म्हंजी पेट्रोल हाय," आबा स्वतःशीच बोलले. "लयच झालंय. मग ठिणगी न्हाई."

त्यांनी एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि मला चावी फिरवायला सांगितली. मी फिरवली. काही नाही. मग त्यांनी चारी प्लगना आळीपाळीनं ठिणगी पोचवणारा डबा शोधला आणि त्याची काळी टोपी उघडली. आत पाण्याचे थेंब टपोरे बसले होते.

आबांनी ती टोपी आईपुढं धरली. आता वीज कडाडणार म्हणून मी डोळेच मिटले.

"आगं, बैल धुताना त्येच्या कानात पानी वततीस व्हय?"

"न्हाई," आई म्हणाली.

"ह्यो ह्येचा कान."

बस्स, एवढंच. आईचा चेहरा पांढराफटक पडला. लेकाची वाट आपल्याच हातानं अडवली, हे तिला कळलं होतं. पण ती रडत बसली नाही. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी आणून तिनं टोपीचा कोपरान् कोपरा पुसला आणि चुलीच्या कडेला उबेला धरली. आबांनी बाकीचे प्लगही काढले. चारी पेट्रोलनं न्हालेले. ते पुसून त्यांनी तव्यावर टाकले. दसऱ्याच्या दिवशी आमच्या तव्यावर पोळीऐवजी प्लग भाजले जात होते आणि आई ते उलथन्यानं फिरवत होती.

बोनेटमधला वास पार गेल्यावर आबांनी टोपी जागेवर बसवली आणि पुन्हा एक प्लग लोखंडाला टेकवला. मी चावी फिरवली. टिक! निळी ठिणगी उडाली. मोहरीएवढी, पण भर उन्हात दिसली.

"ही काय म्हनायची?" आईनं विचारलं.

"ईज. आभाळात आसती, तीच."

आईनं हात जोडले. मी शिकलेली मुलगी, शाळेत विजेचा धडा घडाघडा म्हणणारी. पण वीज आपल्या अंगणात, आबांच्या दोन बोटांत येते, हे कुठल्या धड्यात नव्हतं. मीही हात जोडले.

बॅटरी संपत आली होती. आळीतल्या माणसांनी गाडी उताराला ढकलली, आबांनी गियर टाकून क्लच सोडला, दोन आचके बसले आणि इंजिन पेटलं. पण पाण्याचा थेंब कार्बोरेटरातही उतरला असावा. अॅक्सिलेटरवरचा पाय जरा सैल केला की ते गुदमरायचं. म्हणून मिरजेपर्यंत आबांनी इंजिनाचा आवाज खाली येऊच दिला नाही. ब्रेक मारतानासुद्धा एकच बूट आडवा करून ब्रेक आणि अॅक्सिलेटर दोन्ही दाबायचे. मी त्यांच्या पायाकडं बघत बसले होते, रस्त्याकडं नाही.

स्टेशनबाहेर ते म्हणाले, "पळा. मी हितंच ऱ्हातो. रेल्वे सुटली आसंल तर फुडच्या टेशनाला गाठू, गाडी चालू पायजेल."

रेल्वे सुटली नव्हती. दादा फलाटावर होता, काळवंडलेला, गालफडं बसलेली. आईनं आधी त्याचे दोन्ही हात चाचपले, मग खांदे, मग तोंड. सगळं जागेवर असल्याची खात्री झाल्यावर म्हणाली, "जा. तुजा बा भाईर हाय."

दादा पळत सुटला, मी त्याच्या मागं. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि पाया पडायला तसाच आत वाकला. आबांचा एक पाय क्लचजवळ, दुसरा अॅक्सिलेटरवर दाबलेला. दादाचा हात त्या बुटाला लागला, तसा आबांनी पाय उचलला. इंजिन गचकन बंद पडलं. आबा खाली उतरले आणि त्यांनी दादाला छातीशी धरलं.

त्यांनी कुणाला असं धरल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.