ट्रकांची खोली

आम्ही वाघोलीला राहायला आलो ते ट्रकांसाठी. नातेवाइकांना मी मुलीचं कारण सांगायची, ती मांजरीला राहते, जवळ पडेल म्हणायची. पण खरं कारण ते नव्हतं. पुण्यात मंडईजवळच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत कपाटावर, फ्रिजवर, शेवटी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवरसुद्धा ह्यांनी जोडलेले खेळण्याएवढे ट्रक झाले होते. एका वर्षी आरती चालू असताना नणंद म्हणाली, गणपतीच्या मागे सिमेंटचा मिक्सर उभा आहे, तो मुद्दाम ठेवलाय का? पाहुणे हसले. त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगून टाकलं की एक तर ट्रक राहतील नाहीतर मी. ह्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "तिसरी खोली असलेलं घर घेतलं तर?"

म्हणून वाघोली. निवृत्तीनंतर सहा-सात महिन्यांतच आम्ही इकडे आलो, आणि तिसऱ्या खोलीत ह्यांनी छतापर्यंत काचेची कपाटं करून घेतली. मधे एक लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा. मुलगी तिला ट्रकांची खोली म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशातून एक खोकं येतं. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना बारीक बारीक भाग चिकटलेले असतात, काही तर जिऱ्याच्या दाण्याएवढे. प्रत्येक भाग कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, रंगवायचा, वाळू द्यायचा आणि मग सोबतच्या आकृतीप्रमाणे चिकटवायचा. एका ट्रकला ह्यांना चार-पाच महिने लागत. इंजिन पूर्ण रंगवायचे, त्याच्या नळ्यासुद्धा, आणि मग त्याच्यावर केबिन बसली की ते झाकलं जायचं. कुणाला दिसणार आहे हे, असं मी एकदा विचारलं, तर ह्यांनी बोटाने केबिन पुढे कलवली, मला इंजिन पाहू दिलं आणि परत बसवली.

नोकरीत ह्यांचं सगळं आयुष्य पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलं. कारखान्यात ट्रकच व्हायचे. ह्यांच्याकडे मात्र डिझेलच्या टाकीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचं काम होतं, आधी कागदावर, पुढे कॉम्प्युटरवर. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात ह्यांना 'आपले ट्रक घडवणारे' म्हटलं. घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "मी ब्रॅकेट काढले. ट्रक कधी काढलाच नाही." तक्रारीचा सूर नव्हता. पण खोलीतले ते ट्रक कशासाठी आहेत ते मला त्या दिवशी समजलं, आणि त्यानंतर थिनरच्या वासाबद्दल मी बोलणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

ह्यांना सवय होती, काम झाल्यावर बोटांवर वाळलेला गोंद अंगठ्याने चोळून चोळून काढायची. जेवताना, टीव्ही बघताना, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत असायचं. त्यामुळे ते फिरणं वाढलं तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, गोंद. मुलीच्या लक्षात आलं. ती एका रविवारी म्हणाली, "बाबा, तुम्ही आठवडाभर खोलीत गेला नाहीत ना, मग बोटं का चोळताय?" हे हाताकडे बघत राहिले. मग तो हात मांडीखाली घातला.

डॉक्टरांनी ह्यांना चालायला लावलं, सही करायला लावली, बोटं मिटून उघडायला लावली. कंपवात. गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं ते एवढंच, की गोळी घेतल्यावर किती वेळ हात स्थिर राहतो हे आपण विचारलं का. आम्ही विचारलं नव्हतं.

विचारून फारसा उपयोग नव्हता. पहिले काही महिने गोळीच्या जोरावर मोठे भाग जमले. मग एकदा ट्रकच्या आरशाची दांडी, अगदी सुईएवढी, चिमट्यातून तीनदा निसटली आणि चौथ्यांदा मोडली. ह्यांनी दिवा बंद केला आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसले.

एक खोकं त्यांनी निवृत्तीसाठी म्हणून वर्षानुवर्षं राखून ठेवलं होतं. लांब नाकाचा अमेरिकन ट्रक, केबिनच्या मागे ड्रायव्हरला झोपायची खोली असलेला. अजून सील फोडलेलं नव्हतं. मीच म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते. माझे हात आहेत की."

"तुला पंधरा मिनिटांत कंटाळा येईल."

"मग सोळाव्या मिनिटाला उठेन."

पावसाळाभर आम्ही दुपारी बसलो. हे शेजारच्या खुर्चीवर, मी टेबलाशी, डोळ्याला त्यांचं भिंग लावून. कुठला भाग कुठे कापायचा, घासताना बोट कसं धरायचं, रंगाचा पहिला हात किती पातळ द्यायचा, ते सगळं सांगायचे. मी आयुष्यात एवढं त्यांचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. इंजिन तयार झालं तेव्हा त्यांनी ते तळहातावर ठेवायला मागितलं. हात हलत होता, म्हणून मी खालून माझा हात लावला. तेवढे दिवस बरे गेले. आमच्या संसारातले सर्वात चांगले दिवस ते होते असंही मी म्हणू शकते, पण ते खूप थोडे होते, आणि त्यांची आठवण काढून मला बरं वाटत नाही.

पुढच्या चाकांचा आस बसवताना चूक झाली. ह्यांचा आवाज एव्हाना बारीक झाला होता, शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. ते "डावीकडे" म्हणाले का "आधी कडेने" म्हणाले ते मला कळलं नाही. परत विचारलं तर चिडायचे, म्हणून मी अंदाजाने बसवलं आणि दाबून धरलं. सकाळी चाकं लावून पाहिली तर ट्रक एका बाजूला झुकला होता, लंगड्या माणसासारखा. मी म्हटलं, कापून परत करू. ह्यांनी ट्रककडे बराच वेळ पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "हा माझा ट्रक नाही."

ते रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधं म्हणाले, चहात साखर नाही असं सांगावं तसं. त्यानंतर ते खोलीत आले नाहीत. मी दोन-चार दुपारी एकटीच बसून पाहिलं. आकृती समोर होती, हत्यारं होती, पण बाहेर खुर्चीत बसलेला माणूस कानोसा घेतो आहे हे मला कळत होतं, आणि कटरचा आवाज झाला की तो टीव्ही मोठा करायचा. मी खोक्याचं झाकण लावून टाकलं.

पुढच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी आणताना डॉक्टरांनी दवाखान्यातल्यासारखी वरखाली होणारी कॉट घ्यायला सांगितली. ती कॉट फक्त ट्रकांच्या खोलीतच मावणार होती. मुलीने आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

ह्यांचे एक मित्र आहेत, मंडईच्या मागे त्यांचं पिढीजात हार्डवेअरचं दुकान. तेही असेच ट्रक जोडायचे. दोघं वर्षानुवर्षं रविवारी भेटून रंग आणि उरलेले भाग एकमेकांना द्यायचे. आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा त्यांच्याच घरून येतो. मी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, तुम्हाला हवे ते सगळे घेऊन जा. ते कपाटांपुढून हळूहळू फिरले. एकेका ट्रकपुढे थांबायचे, हात पुढे न्यायचे आणि मागे घ्यायचे.

"वहिनी, मी माझेच गेल्या वर्षी पुतण्याला देऊन टाकले," ते म्हणाले. "त्याने ते गोदामात ठेवलेत. आता हे कुणी घेत नाही. तयार केलेला ट्रक दुसऱ्याच्या काय कामाचा? मजा तो तयार करण्यात होती."

मग मी त्यांना ते अर्धवट खोकं दाखवलं. तुम्ही तरी पूर्ण करा, म्हटलं. त्यांनी आस पाहिला, नख लावून पाहिलं. कुणी बसवला ते विचारलं नाही. "फार पक्कं चिकटलंय," म्हणाले. "सोडवायला गेलं तर खालचा सांगाडा तुटेल." झाकण त्यांनीच लावलं. कॉट येईपर्यंत हे आमच्या झोपायच्या खोलीत होते, तिथे जाऊन ह्यांच्याजवळ बसले, इकडचं तिकडचं बोलले. ह्यांनी दोनदा त्यांना कारखान्यातल्या कुणाच्या तरी नावाने हाक मारली. दारात चपला घालताना त्यांना बराच वेळ लागला. त्यानंतर ते फोन करतात, येत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

मुलीच्या ओळखीच्या एकाने खराडीला कॅफे काढला होता. त्याला भिंतीवर लावायला काही जुनं दिसणारं हवं होतं. त्याने फोटो बघून आठ-दहा ट्रक नेले, लालच तेवढे, कारण त्याच्या खुर्च्या लाल होत्या. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं, की निदान लोक बघतील. दिवाळीनंतर मुलगी तिथे जाऊन आली. ट्रक भिंतीला उभे चिकटवले होते, नाक वर करून, मागे वितळवून लावलेल्या गोंदाची ढेकळं. आरसे सगळे गेलेले. एकाची पुढची चाकं नव्हती, तिथे कुणीतरी खोचलेला टिश्यू पेपर होता. तिने फोटो काढला नाही, एवढं तिने शहाणपण केलं. ह्यांना आम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते त्यांच्यापर्यंत कितपत पोचलं असतं, ठाऊक नाही.

बाकीचे मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरले. गुंडाळतानाच कित्येकांचं काही ना काही मोडलं. मोडलेले तुकडे मी आधी वेगळ्या डबीत ठेवत होते, मग तेही सोडून दिलं. खोकी माळ्यावर आहेत. काचेची कपाटं भंगारवाल्याने नेली. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन आहेत, रंगारी बोलवायला हवा, पण कॉट हलवायची कशी?

आता ह्यांना सकाळी अंघोळ घालायला एक मदतनीस येतो, अमरावतीकडचा, मोठा बोलका माणूस. परवा ऊन चांगलं होतं म्हणून त्याने ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाल्कनीत नेलं. आमच्या बाल्कनीतून नगर रोड दिसतो. रोजच्यासारखी कोंडी झाली होती. कंटेनर, डंपर, उसाच्या गाड्या, सगळे एकामागे एक उभे. मदतनीस उत्साहाने दाखवायला लागला, काका, तो बघा केवढा मोठा. मीही वाकून ह्यांचा चेहरा पाहिला. डोळे त्या बाजूलाच होते.

मी म्हटलं, "अहो, तो दहा चाकी आहे का बारा?"

बऱ्याच वेळाने ओठ हलले. मी कान जवळ नेला. "आत ने," ते म्हणाले.

आम्ही त्यांना आत नेलं, आणि मी जाऊन भात पातळ करून आणला. ह्यांनी अर्धी वाटी खाल्ली.